काळजाचा ठोका चुकतोय, म्हणजे खरोखरच चुकतोय. काय करू?

गुळाचा_खडा | ४ मार्च, रात्री १२:५०

मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकभूल सांभाळून घ्या. वय ४३. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर बूड टेकून काम. बीपी-शुगर नाही, तंबाखू होती ती चार वर्षांमागं सोडली (म्हणजे बऱ्यापैकी).

आठ-दहा दिवस झाले, रात्री जेवून डाव्या कुशीवर पडलं की छातीत कायतरी विचित्र होतंय. दुखत नाही. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं एकदम पोटात खड्डा पडल्यागत होतं आणि मग आतून एक धप्प. परवा मनगटावर बोट ठेवून बघितलं तर टक, टक, टक, टक... मग कायच नाही... आणि मग टक. पहिल्यांदा वाटलं बोटच सरकलं असंल. पाच मिनिटं धरून बसलो तर सात वेळा तेच.

बायकोला उठवलं नाही, स्वयंपाकघरात जाऊन ओव्याचं पाणी पिलो, एक ढेकर आला, बरं वाटलं, परत येऊन पडलो की परत चालू. आता भीती अशी की माझा चुलतभाऊ ५१ व्या वर्षी गेला, तो पण दोन दिवस गॅस झालाय गॅस झालाय म्हणत हिंडत होता.

कुणाला असं झालंय का? आणि लगेच पळावं लागंल का मार्चअखेर उरकून गेलं तर चालंल? दुकानात मान वर करायला वेळ नाही सध्या.

रस्सावाला | ५ मार्च, सकाळी ७:१५

शेजारी कोण नवीन राह्यला आलंय का भावा, काळजाचा ठोका चुकायला? 😀 हलके घ्या.

चेष्टा सोडा, मलाही होतं, विशेषतः तांबडा-पांढरा जास्त झाला की आणि जागरणाला. १० वर्षं होतंय, अजून हाय की जिवंत. पण मी एकदा ईसीजी काढून घेतलाय म्हणून निवांत बोलतोय, तुम्ही काढलेला नाही. मार्चअखेर दरवर्षी येतो.

तालीमवाला | ५ मार्च, सकाळी ८:०२

लाल मातीत उतरलेल्या माणसाचं मत घ्या. माझी नाडी बसल्या जागी ४८-५० असती, एका नवीन डॉक्टरनं बघून दोनदा मोजली. आमच्यात वस्ताद सांगायचे, श्वास आत घेताना ठोके जरा पळतात आणि सोडताना सावकाश होतात, ते चुकणं नव्हं. आधी तेवढं बघा तुम्ही, श्वासाबरोबर वरखाली होतंय का मधीच कधीपण गचका बसतोय.

गुळाचा_खडा | ५ मार्च, सकाळी ९:३०

मधीच कधीपण. श्वासाशी संबंध नाही. आत्ता दुकानात आल्यावर एकदा झालं, चहा पिता पिता.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ५ मार्च, दुपारी २:४०

फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, आणि धाग्यावर निदान होत नसतं हे आधीच सांगतो. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते इतकं नेहमीचं आहे की थोडं सविस्तर लिहितो.

ठोका चुकत नाही. उलट एक जास्तीचा पडतो, आणि वेळेआधी पडतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोके ठरवणारी एक बारकी गाठ असते, तिच्या हुकमानं सगळं चालतं. कधीमधी खालच्या कप्प्यातल्या चार पेशी हुकमाची वाट न बघता आपल्याच मनानं ठोका देऊन मोकळ्या होतात. आता कोल्हापूरकरांना समजेल असं सांगतो. केएमटीची बस वेळेच्या आधी आली तर काय होतं? स्टॉपवर माणसंच जमलेली नसतात, ती रिकामीच जाते. तसा हा आगाऊ ठोका पडतो तेव्हा कप्प्यात रक्त भरलेलंच नसतं, त्यामुळे मनगटापर्यंत काही पोचत नाही, तुमच्या बोटाला वाटतं ठोका गेला. मग मोठी गॅप. आणि पुढची बस येते ती दाराला लोंबकळणाऱ्या गर्दीसकट. ती तुमची धप्प. म्हणजे ज्याची भीती वाटते तो धक्का चुकलेल्या ठोक्याचा नसतो, त्याच्या नंतरच्या भरपेट ठोक्याचा असतो.

खालच्या कप्प्यातून आला तर रिपोर्टवर व्हीपीसी किंवा पीव्हीसी लिहितात, वरच्यातून आला तर एपीसी किंवा पीएसी. दिवसाला साधारण लाखभर ठोके पडतात, त्यात असे थोडेफार बहुतेक सगळ्यांनाच पडतात, कळत नाहीत इतकंच. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि रात्री आजूबाजूला आवाज नसतो, म्हणून तिथं जाणवतं.

आता दुसरी बाजू. कुठल्याही औषधापेक्षा सोबत काय होतं ते महत्त्वाचं. डोळ्यापुढं अंधारी येते का, शुद्ध हरपली का, छातीत दुखतं का, दम लागतो का, आणि जिना चढताना, पळताना हे गचके वाढतात का. (बसल्यावर जाणवतात आणि चालायला लागलं की जातात, हे बरं लक्षण.) मिनिटाला दीडशेच्या वर धडधड अचानक चालू होऊन थांबतच नाही असं होतं का. आधी अटॅक येऊन गेलाय का, पंपिंग कमी सांगितलंय का. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. यातलं काही असेल तर मार्चअखेर वगैरे काही नाही, त्याच दिवशी जायचं, आणि छातीत दुखत असेल किंवा माणूस पडला तर सरळ १०८.

यातलं काही नसेल तरी तुम्ही या आठवड्यात ईसीजी काढा. चुलतभावाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि गेल्या पंधरा दिवसात कुठल्या गोळ्या घेतल्या तेही, मेडिकलमधून आपल्या मनानं घेतलेल्या धरून.

रस्सावाला | ५ मार्च, दुपारी ३:०५

केएमटीचं उदाहरण एक नंबर. फक्त केएमटी वेळेच्या आधी आलेली कुणी बघितली असंल तर हात वर करा.

मंगळवारकरीण | ५ मार्च, सायंकाळी ६:२०

माझं पण असंच झालतं दोन वर्षांमागं. चार महिने मी अंगावर काढलो, घरातली म्हणायची टेन्शन घेतीस म्हणून होतंय. शेवटी मी एकटाच गेलो दवाखान्यात तर हिमोग्लोबिन ८.२ आणि थायरॉइड पण वाढलेलं. लोहाच्या गोळ्या आणि थायरॉइडची सुरू केली, दोन-अडीच महिन्यात धडधड गेली निम्म्याच्या वर. हे सांगायचं कारण, बायकांचं सगळं टेन्शनवर आणि गॅसवर ढकलायची पद्धत आहे आपल्याकडं. आधी रक्त तपासा मग काय ते म्हणा.

पाहुणा_पुण्याचा | ५ मार्च, सायंकाळी ६:५५

प्रतिसाद चांगला आहे, पण आयडी 'करीण' आणि 'मी एकटाच गेलो'? डुआयडी (दुसऱ्या नावानं काढलेला खोटा आयडी) वगैरे आहे का?

मंगळवारकरीण | ५ मार्च, सायंकाळी ७:१०

अहो पुण्याचे, कोल्हापुरात आम्ही बायका मी येतो, मी जातो, मी खातो असंच बोलतो. एकदा येऊन ऐका. तोवर माझं हिमोग्लोबिन लक्षात ठेवा, लिंग नको.

तालीमवाला | ५ मार्च, सायंकाळी ७:१४

😂😂 काटाकिर्रर्र

मनगटी_घड्याळ | ६ मार्च, रात्री ११:३०

माझा अनुभव थोडा वेगळा. मला पण हे सुरू झालं आणि मी काय केलं, ईसीजी काढणारं स्मार्टवॉच घेतलं. घेतल्यावर एका दिवसात ४६ वेळा ईसीजी काढला. मीटिंगमध्ये, बाथरूममध्ये, गाडी सिग्नलला थांबली की. बायको म्हणाली आता घड्याळ तरी राहील नाहीतर मी. घड्याळ ३० सेकंदांचाच बघतं आणि एकाच दिशेनं बघतं, त्या ३० सेकंदात गचका आला तर दिसणार, नाहीतर नॉर्मल म्हणणार. नॉर्मल आलं की मला वाटायचं पकडलंच नाही, आणि काही आलं की रात्रभर झोप नाही. म्हणजे दोन्हीकडून मरण. शेवटी डॉक्टरांनी ते फीचर बंद करायला लावलं आणि गंमत म्हणजे मोजायचं थांबल्यावर ठोके चुकायचे पण कमी झाले, का जाणवायचे कमी झाले माहीत नाही.

वनौषधी_प्रेमी | ७ मार्च, सकाळी ६:४०

अर्जुनसाल दुधात उकळून घ्या सकाळी. गंगावेशीत ताजं म्हशीचं दूध मिळतंय, पंधरा दिवसात फरक. कशाला ते ईसीजी-बिसीजी.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ७ मार्च, दुपारी १:१५

दूध जरूर प्या. अर्जुनसाल घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका, बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नाहीच. आणि काढा आधी, तपासणी मग, हा क्रम उलटा आहे.

गुळाचा_खडा | ७ मार्च, रात्री ९:५०

अपडेट. काल गेलतो. राजारामपुरीत एक ओळखीचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडं. ईसीजी नॉर्मल आला. म्हणजे झोपून काढला त्या दहा सेकंदात एकपण गचका आला नाही, आणि पट्ट्या काढून शर्टाची बटणं लावतोय तोवर दोन आले. गाडी मेकॅनिककडं नेली की आवाज बंद होतो तसलाच प्रकार. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पण केला, पंपिंग ६० टक्के म्हणजे नॉर्मल, झडपा चांगल्या. रक्तात पोटॅशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं जागेवर.

मग त्यांनी विचारलं झोप किती, मी म्हटलं साडेचार-पाच तास. चहा किती, मोजला तर नऊ. दुकानात प्रत्येक सौद्याला चहा येतो, काय करणार. आणि गोळ्या कुठल्या, तर गेले दोन आठवडे सर्दीसाठी मेडिकलमधून आणलेली, नाक मोकळं करायची. ती बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्या गोळीत नाक मोकळं करायचं जे औषध असतं त्यानं ठोके भडकतात म्हणे. ती बंद. सोमवारी २४ तासांचं होल्टर, म्हणजे दिवस-रात्र ईसीजी काढत राहणारं यंत्र, लावायचं ठरलंय.

उत्तरेश्वरचा | ७ मार्च, रात्री १०:४५

इतके दिवस नुसता वाचत होतो, आता लिहितोच कारण सगळे निवांत व्हायला लागलेत.

आमचे वडील, ६८. त्यांचं पण छातीत फडफडतंय फडफडतंय चालू होतं, सहा महिने. आम्ही गॅस म्हणून सोडा पाजला. एका सकाळी अंघोळीहून आले आणि शब्द फुटंना, तोंड वाकडं. सीपीआर हॉस्पिटलला नेलं, तिथं कळलं की हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय, एएफ म्हणतात त्याला, तिथं रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली. आता चालतात, बोलतात, पण उजव्या हातानं घास नीट जात नाही. नंतर डॉक्टरांनी मला त्यांची नाडी धरायला शिकवली. त्यात टक टक टक असा तालच नव्हता. एखादा ठोका चुकून परत ताल लागतो तसं नाही, सगळीच हलगी बेताल, दोन ठोक्यातलं अंतर एकसारखं म्हणून नाहीच. सहा महिने आमच्या घरात कुणीतरी एकदा मनगट धरलं असतं तर कळलं असतं. धरलं नाही कुणी.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ८ मार्च, दुपारी २:००

उत्तरेश्वरचा, लिहिलंत ते फार बरं केलं. एएफमध्ये पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो आणि रक्त पातळ करायच्या गोळीनं तो बराच कमी करता येतो, म्हणून वेळेत सापडणं महत्त्वाचं. साठीच्या वरच्या माणसाची नाडी महिन्यातून एकदा, पूर्ण एक मिनिट, घरात कुणीतरी बघावी. बेताल वाटली तर ईसीजी. गॅसचं औषध नंतर.

आणि वरच्या ४६ ईसीजीवाल्यांनी हे वाचून परत घड्याळ चालू करू नये.

गुळाचा_खडा | ११ मार्च, रात्री ८:३०

होल्टर झालं बाबा. छातीवर रेझर फिरवला, स्टिकर चिकटवले, वायरी, आणि कमरेला डबी. २४ तास अंघोळ नाही आणि मार्चमधला उकाडा, स्टिकरखाली जी खाज सुटती ती सांगता येत नाही. तसाच दुकानात गेलो तर हमाल म्हणतोय, मालक लांब बसा, करंट बसंल. संध्याकाळी मुद्दाम रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, म्हटलं चालताना पण पकडू दे.

एक कागद देतात, कधी काय वाटलं ते वेळेसकट लिहायचं. माझा कागद वाचून दाखवतो. दुपारी ३:२०, जेवणानंतर, दोन गचके. रात्री ९:४५, ताळा जुळंना, पाच-सहा. रात्री ११:१०, डाव्या कुशीवर, तीन. रात्री ११:४०, बायकोशी वाद, एकपण नाही.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ११ मार्च, रात्री ९:०५

डबी जड वाटली असेल तर हे ऐका. हे यंत्र काढणारे नॉर्मन हॉल्टर म्हणून अमेरिकन गृहस्थ, त्यांचं १९४० च्या दशकातलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं, वजन ३८ किलोच्या आसपास. गुळाच्या एका मोठ्या रव्यापेक्षा (ढेपेपेक्षा) जास्त, तुम्हालाच जास्त कळेल.

गुळाचा_खडा | ११ मार्च, रात्री ९:१२

रवा ३० चा धरा. मग हिशेब बरोबर.

गुळाचा_खडा | १३ मार्च, रात्री १०:००

रिपोर्ट. २४ तासात एकूण ठोके १,०२,४१६. त्यात व्हीपीसी १,१६३. आकडा बघून माझे पाय गळाले, अकराशे! पण डॉक्टरनी कॅल्क्युलेटर पुढं सरकवला, म्हणाले हिशेबनीस आहात, टक्का काढा. १.१. दहा टक्क्यांच्या वर जायला लागलं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर पंपिंगवर परिणाम व्हायची शक्यता, तेव्हा औषध, नाहीतर ती जागा शोधून जाळायची प्रक्रिया असते ती, असं म्हणाले. सलग ओळीनं आलेले नाहीत, सगळे सुटे. गोळी काहीच नाही. झोप सात तास आणि चहा चारवर.

आणि मी कागदावर लिहिलेले गचके होते दहा-अकरा. म्हणजे ११६३ पैकी मला कळले तेवढेच. उरलेले साडेअकराशे गुपचूप येऊन गेले. हे कळल्यावर कसं वाटावं तेच कळंना, हायसं वाटावं का जास्त भ्यावं.

रस्सावाला | १३ मार्च, रात्री १०:२०

उधारीसारखंच हाय ते. लक्षात राहतात ती चारच.

डॉक्टर, एक शंका. जास्तीचे ठोके पडतायत हे दिसतंय, ते थांबवणारी गोळी पण असणारच, मग देऊन टाकायची की, माणूस निवांत.

कट्ट्यावरचा_डॉक्टर | १४ मार्च, दुपारी १:५०

सगळ्या जगाला हेच वाटलं होतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर मोठा प्रयोग झाला, कास्ट म्हणतात त्याला. अर्ध्यांना असे ठोके दाबणारी औषधं, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी. औषधानं ठोके खरंच दबले, ईसीजी सुरेख दिसायला लागले, आणि औषध घेणारीच माणसं जास्त मेली. १९८९ मध्ये त्यातल्या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. ते रुग्ण वेगळे होते, धागाकर्त्याचं हृदय चांगलं आहे, सगळी औषधं तशी नसतात हेही खरं. पण रिपोर्ट गुळगुळीत दिसावा म्हणून गोळी द्यायची नाही, हे आमच्या पिढीनं तिथून शिकलं.

चहा-कॉफीचं मात्र ठाम सांगता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १०० जणांना दोन आठवडे अंगाला मॉनिटर लावून रोज मेसेज पाठवायचे, आज कॉफी प्या, आज पिऊ नका. वरच्या कप्प्यातल्या जास्तीच्या ठोक्यांत म्हणावा असा फरक नाही. खालच्या कप्प्यातले कॉफीच्या दिवशी सरासरी १५४, बिनकॉफीच्या दिवशी १०२. आणि कॉफीच्या दिवशी माणसं चालली जास्त, झोप मात्र अर्ध्या तासाहून थोडी जास्तच घटली. आता यातून काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं बघावं. मी स्वतः चहा सोडलेला नाही.

वनौषधी_प्रेमी | १४ मार्च, दुपारी ३:३०

म्हणजे शेवटी औषध नाहीच ना. मग अर्जुनसालनं काय घोडं मारलंय.

मंगळवारकरीण | १४ मार्च, दुपारी ३:४१

तुम्ही आधी तुमचं हिमोग्लोबिन सांगा.

गुळाचा_खडा | २ एप्रिल, रात्री ११:१५

मार्चअखेर संपला. ताळेबंद जुळला, मी पण जागेवर आहे. सर्दीची गोळी बंद करून जवळपास चार आठवडे झाले, चहा पाचवर आणलाय (चार होत नाही). रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा येतो एखादा गचका. आला की हात मनगटाकडं जातोय अजून, पण घड्याळात बघून मोजत बसत नाही. चुलतभावाच्या पोराला पण नेऊन दाखवून आणलं, ३२ चा आहे, कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं त्याचं. ते माझ्यामुळं कळलं म्हणून वहिनीनं डबा पाठवला.

कळंब्याची_आई | ३ एप्रिल, सकाळी १०:१०

सगळा धागा वाचून काढलो. माझ्या मुलाचं विचारायचं होतं, १५ वर्षांचा आहे, पेठेच्या टीममधून फुटबॉल खेळतो. त्याला पण धडधडतं म्हणतो कधीतरी, मी म्हणलो वय वाढीचं आहे. गेल्या महिन्यात प्रॅक्टिसमध्ये पळता पळता पडला, मिनिटभर शुद्ध नव्हती, मग उठला आणि परत खेळला. ऊन लागलं असं सगळे म्हणाले. इथं सगळ्यांचं नॉर्मल निघालंय तर आमचं पण तसंच असेल ना?

कट्ट्यावरचा_डॉक्टर | ३ एप्रिल, सकाळी १०:२२

ताई, हे इतरांसारखं नाही. पळताना शुद्ध हरपणं म्हणजे ऊन समजून सोडायची गोष्ट नव्हे. आजपासून खेळ पूर्ण बंद, सायकल आणि जिम पण. आज-उद्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या, ईसीजी आणि इको, पुढचं ते ठरवतील. माहेर-सासर दोन्हीकडं कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, बुडून किंवा झोपेत सुद्धा, ते विचारून ठेवा. तपासणीत काही निघणारही नाही कदाचित, पण ते तपासूनच म्हणायचं.

तालीमवाला | ३ एप्रिल, सकाळी १०:३०

ताई डॉक्टरांचं ऐका. गाडी लागली तर सांगा, मी कळंब्यातच असतो दुपारपर्यंत.

कळंब्याची_आई | ३ एप्रिल, सकाळी ११:०५

त्याच्या आजोबांचा भाऊ विहिरीत पोहताना गेला होता, पट्टीचा पोहणारा होता म्हणतात. आत्ता सासूबाईंना विचारलो तेव्हा कळलं.

रविवारी मॅच आहे, पोरगं रडतंय. रडू दे. दुपारची वेळ मिळाली आहे, घेऊन जातो.